मागच्या पाटावरची पोती

उडदाच्या शेंगा वाळल्या की त्यांना पावसाच्या दोन सरी पुरतात. पहिल्या सरीनं शेंग मऊ पडते, दुसरीनं आतला दाणा फुगतो. मग ऊन पडो न पडो, शेंगेच्या आतच पांढरा मोड सरकू लागतो. बाहेरून शेंग काळीच दिसते. हातानं उकलून पाहिल्याशिवाय काही कळत नाही.

त्या भाद्रपदात जामखेडच्या माळावर रोज दुपारनंतर दक्षिणेकडून आभाळ चढायचं. कधी सांडायचं, कधी नुसतं फिरून जायचं. ज्याचा त्याचा उडीद उपटून शेतात ढिगाला लागलेला होता आणि ज्याला त्याला मळणीचं मशीन आजच हवं होतं. भिमाजींच्या घरातला फोन उजाडायच्या आत वाजायला लागायचा. त्यांचा मुलगा कल्याण एका हातानं दात घासत, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारायचा.

"आज न्हाई काका. उद्याचंबी सांगता येत न्हाई. आवो, मशीन येकच हाय आन मी बी येकच हाय."

त्या सकाळी त्याची आई मालनबाई चुलीपुढून उठून दारात आली.

"समद्या गावाला तारखा देतूस. माझ्या बहिनीची तारीख कवाची?"

"आजच, आई. श्रीमंतकाकाचं दुपारपतुर उरकतो आन तसंच खाली उतरतो. सांजच्याला मावशीचं."

"नक्की?"

"नक्की. सांगून ठेव तिला."

मालनबाईंनी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. "सोजर, आज येतंय गं आपलं मशीन. दुसऱ्या कुनाला हो म्हनू नगंस."

सोजरबाई ही मालनबाईंची धाकटी बहीण. खिंड उतरून गेलं की पलीकडच्या वस्तीवर तिचं घर. नवरा वारल्यापासून तिची जमीन तिचा दीर गोरक्षनाथ वाट्यानं करत होता. वाटा म्हणून तो काय देईल ते ती पदरात घ्यायची. यंदा अक्षय्य तृतीयेला तिनं त्याला सांगितलं, या वर्षी मी माझी कसते. गोरक्षनाथ चारचौघांत हसला होता. "कर की वैनी. येका सालात हात टेकशील, तवा हायेच मी." तिनं उडीद पेरला, एकटीनं खुरपला, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन स्वतः फवारला. आठवड्याभरापूर्वी उपटून ढीग घातला आणि वर ताडपत्री टाकली. त्या ढिगावर त्या बाईची जमीन तिच्या हातात राहायची की दिराकडं जायची ते ठरणार होतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावर कोणी फारसं बोलत नव्हतं.

कल्याणनं पिकअप मागं घेत घेत मशीनपाशी आणली. निकिता, त्याची बायको, हात वर करून उभी होती. "या. या. अजून. बास."

मशीन जोडणं तिचं काम होतं. दोन चाकांच्या त्या धुडाची पुढची लोखंडी दांडी टेकूवर असायची. ती दोन्ही हातांनी उचलायची, पिकअपच्या मागच्या हुकात बसवायची, वरून पिन घालायची, पिनेला खिळा अडकवायची आणि शेवटी साखळी. दांडी उचलताना कंबरेत एक जागा दुखायची. रोज उचलून तिच्या हातांना ते वजन पाठ झालं होतं, जसं भरल्या हंड्याचं होतं.

हे मशीन भिमाजींनी उभं केलं होतं. तेव्हा ते ट्रॅक्टरला बांधलेलं असायचं, ट्रॅक्टरच्याच जोरावर चालायचं. गेल्या वर्षी ट्रॅक्टरचं इंजिन बसलं. कल्याणनं तो काढून टाकला, पिकअप घेतली आणि मशीनवर चाकांच्या बरोबर वर वेगळं डिझेल इंजिन बसवून घेतलं. मळणी नसेल तेव्हा पिकअप नगरला कांदा घेऊन जायची. घर त्यावर चाललं होतं. भिमाजी पिकअपला नावं ठेवत नसत, पण तिच्यात बसताना दार दोनदा ओढून बघत.

एक रीत मात्र त्यांनी सोडली नव्हती. जुनी गिऱ्हाइकं मळणीची मजुरी अजून धान्यातच देत. त्या धान्याची पोती गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं मशीनच्या मागच्या पाटावर, मागं बाहेर काढलेल्या लोखंडी फळीवर, चढवायची. जे मशीननं कमावलं ते मशीनवरूनच घरी जायचं. ट्रॅक्टर गावातून हळूहळू जाई तेव्हा पारावरची माणसं पाटावरची पोती बघत आणि कुणाच्या खळ्यावरून भिमाजी आला ते ओळखत. पोती ट्रॉलीत टाकली तर ती हमाली झाली, असं भिमाजी म्हणत.

ट्रॅक्टरला त्या पोत्यांचं काही वाटत नसे. तो जड होता आणि सावकाश चालायचा. पिकअपचा मागचा भाग हलका. गेल्या आठवड्यात एका खळ्यावरून पाटावर दोनच पोती घेऊन येताना सपाट रस्त्यावर गाडीचं शेपूट थोडं हललं होतं. रात्री जेवताना कल्याण निकिताला म्हणाला होता, "वजन मागं गेलं की इष्टेरिंग हातात ऱ्हात न्हाई. दांडी वर उचलती आन गाडीचा मागचा भाग हलका करती."

"मग आबांना सांगा."

"सांगतो."

त्यानंतर मोठं खळं लागलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं होतं.

श्रीमंतचं शेत पठारावर होतं. श्रीमंत भिमाजींच्याच वयाचा, ट्रॅक्टर आला तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. मशीन सुरू झालं आणि उडदाची बारीक काळी धूळ सगळ्यांच्या अंगावर बसू लागली. ती धूळ खाजते. मानेवर, कोपरात, पापण्यांच्या कडांना. निकिता आणि मजुरीला आलेली विजयाबाई डोक्याचा पदर तोंडाभोवती आवळून ढिगातल्या पेंढ्या ओढत होत्या आणि कल्याणच्या हातात देत होत्या. तो त्या मशीनच्या तोंडात ढकलत होता. भिमाजी खालच्या तोंडाशी पाट्या बदलत होते. मधूनच चार दाणे उचलून दाताखाली धरत आणि मान हलवत.

"भिमाजी," श्रीमंत इंजिनाच्या आवाजावर ओरडला, "तुझं पोरगं लई घाई करतंय. सासरवाडीला जायाचंय का?"

"सासरवाडी माझी हाय," भिमाजी ओरडले. "म्हेवनीचं खळं."

"आरं मग तूच पळायला पायजेस. पोरगं कशाला?"

विजयाबाई पदराआडून हसली. निकितानं वर पाहिलं. आभाळ अजून पांढरं होतं, पण दक्षिणेला डोंगराच्या कडेनं एक निळी रेघ जाड होत होती.

दुपार कलताना शेवटची पेंढी गेली. श्रीमंतनं मजुरीचा उडीद मापून पोती भरली, तोंडं शिवली. मग त्यानं शर्टाची बटणं लावली, डोक्यावर टॉवेल बांधला आणि एकेक पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन मशीनच्या मागच्या पाटावर चढवलं. कल्याण पुढं झाला तर त्याला कोपरानं बाजूला सारलं. तिसऱ्यानंतर तो दम खायला थांबला आणि म्हणाला, "आन ह्ये एक जादा. एवढ्या गर्दीत पयला आलास म्हनून."

"कशाला," भिमाजी म्हणाले. पण त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि पाटाकडं बघत राहिले.

निकिता दांडीपाशी गेली. नेहमीप्रमाणं पाय रोवून, कंबर सावरून तिनं दांडी धरली आणि ती तिच्या हातात आपणहून वर आली. कंबरेत दुखायची जागा दुखली नाही. हुकात बसवताना तिला दांडी खाली दाबून धरावी लागली. ती तशीच वाकून राहिली.

"अवो," ती हळू म्हणाली. "हिकडं या."

कल्याण आला.

"दांडी वर येतीया."

"वर म्हंजी?"

"दाबून धरलीया मी. धरून बघा."

त्यानं दांडीवर पाय ठेवला, काढला. दांडी हुकात खालून वर टेकली, टक् असा आवाज झाला. त्यानं मान वळवून मागं पाहिलं. श्रीमंत पोत्यांना दोर आवळत होता. त्याच्या पाठीवर काळा घाम होता.

"पोती गाडीच्या हौद्यात घेऊ," निकिता म्हणाली.

"आत्ता? त्यांच्या म्होरं? सोत्ताच्या पाठीवर चढवल्यात त्यांनी."

"मग?"

"तळ्याच्या वळनावर थांबू. तिथं कुनी नसतंय. तिथं घेऊ हौद्यात. आबा काय बोलले तर मला बोलूदे."

निकितानं पिन घातली. खिळा अडकवला. साखळी लावली.

श्रीमंतच्या बायकोनं सगळ्यांना चहा दिला, मशीनला हळदीकुंकू लावलं. भिमाजी पुढं कल्याणच्या शेजारी बसले. निकिता आणि विजयाबाई हौद्यात चढल्या, केबिनला पाठ टेकून, मशीनकडं तोंड करून. गाडी निघाली तेवढ्यात श्रीमंतनं मोटरसायकल काढली.

"खिंडीपतुर येतो सोडायला. शेतातली वाट फुटलीया पावसानं, चाक फसंल. मी म्होरं व्हतो."

तो पुढं झाला. शेतातून बाहेर पडल्यावर तो मागं राहील असं निकिताला वाटलं. तो राहिला नाही. डांबरी रस्त्याला लागल्यावर तो भिमाजींच्या खिडकीशेजारून मोटरसायकल चालवू लागला आणि दोघं मोठमोठ्यानं जुन्या गोष्टी बोलू लागले. कोणत्या साली कोणत्या खळ्यावर ट्रॅक्टर रुतला होता. कोणी ओढून काढला होता. भिमाजी हसत होते. त्यांना असं हसताना तिनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

तळ्याचं वळण आलं. गाडी हळू झाली. निकितानं मान वळवली तेव्हा बाजूच्या आरशात तिला कल्याणचे डोळे दिसले. तो तिच्याकडं पाहत होता. ती त्याच्याकडं पाहत होती. खिडकीशेजारी श्रीमंतची मोटरसायकलही हळू झाली.

"का रं, काय झालं?" श्रीमंतनं विचारलं.

"काय न्हाई काका," कल्याण म्हणाला आणि गाडी पुन्हा वेग घेऊ लागली.

खिंडीच्या तोंडाशी श्रीमंत थांबला. त्यानं हात जोडले, मोटरसायकल वळवली. इथून रस्ता उतरत खाली वस्तीकडं जात होता. पूर्वी तो खडीचा होता, यंदा उन्हाळ्यात नवीन डांबर पडलं होतं. आभाळ आता डोक्यावर आलं होतं. हौद्याच्या पत्र्यावर पहिले थेंब पडले. मोठे, दूर दूर. तेवढ्यात भिमाजींचा फोन वाजला.

"निगालाव गं सोजर. खिंडीत हाव. ताडपत्री दाबून धर, दगुड ठेव कडंला. आलोच."

कल्याणनं गाडी थांबवली होती. तो खाली उतरला. मागं येऊन त्यानं पाटावरच्या पोत्यांवर हात ठेवला.

"आबा," तो म्हणाला, "पोती जरा हौद्यात घेतो."

"का?"

निकिता वाट पाहत होती. कल्याणनं नाक पुसलं.

"भिजतील."

"ताडपत्री टाक की मग. आन हौद्यात बाया बसल्यात. उतर-चढ करूस्तवर पाऊस येईल. चल, ती बाई एकटी ढिगावर बसलीया."

कल्याण उभा राहिला. मग त्यानं हौद्यातली ताडपत्री घेतली आणि पोत्यांवर टाकून बांधली. निकिताला वाटलं, आपण बोलावं. आबा, भिजायचं न्हाई, वजनाचं हाय. एवढंच. शब्द तोंडात तयार होते. पण नवऱ्यानं भिजतील म्हटलं होतं, आणि सासऱ्यापुढं त्याला खोटं पाडायचं तिला सुचलं नाही. शेजारी विजयाबाई होती.

गाडी उतरू लागली. कल्याण सावकाश नेत होता. थेंबांनी डांबर ओलं होऊन काळं चमकत होतं. निकिताची नजर मशीनच्या तोंडावर होती. पहिल्या वळणानंतर ते किंचित डावीकडं गेलं आणि परत आलं. मग उजवीकडं गेलं आणि परत आलं. मग पुन्हा डावीकडं. प्रत्येक वेळी थोडं जास्त. दांडी हुकात वर उचलल्यासारखी दिसत होती. उतारानं गाडीचा वेग आपोआप वाढत होता.

"अगं बया," विजयाबाई म्हणाली आणि हौद्याची कड धरली.

निकितानं वळून केबिनच्या टपावर हात आपटला. टपावर एक थाप म्हणजे थांब. सगळ्या गाड्यांवर हाच इशारा असतो. दुसरा कोणता इशारा तिला माहीत नव्हता.

कल्याणनं ब्रेक दाबला.

पिकअप थांबू लागली, मशीन थांबलं नाही. ते मागून आलं आणि दांडीनं गाडीचं शेपूट उचलून बाजूला ढकललं. गाडी आडवी झाली. निकिताची हनुवटी हौद्याच्या कडेवर आपटली. दांडी पिळली, पिन तुटली, साखळी क्षणभर ताणली गेली आणि सुटली. मशीन रस्त्याच्या कडेच्या चारीत एक चाक घालून थोडं तरंगलं, मग कुशीवर पडलं. इंजिन चारीच्या दगडावर बसलं. पाटाचा दोर सुटून पोती डांबरावर घसरत गेली आणि फुटली. गाडी डोंगराच्या बाजूला टेकून उभी राहिली.

मग विजयाबाई आपलं मनगट धरून रडू लागली.

भिमाजी खाली उतरले. त्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. ते चालत मशीनपाशी गेले. त्यांनी वाकून ड्रमचा वाकलेला पत्रा पाहिला, तुटलेला कणा पाहिला, बसलेल्या इंजिनावर हात ठेवला आणि गरम लागलं म्हणून काढला.

"काय केलंस?"

"बिरेक जोरात लागला, आबा."

"कशानं?"

कल्याण वाकून साखळी गोळा करू लागला. निकिता हौद्यातून उतरत होती. तिच्या हनुवटीतून रक्त येत होतं. तिनं पदर लावला.

खालून एक जीप वर येत होती, ती थांबली. ड्रायव्हरनं खाली वाकून पाहिलं. "पिकअपला येवढं मशीन लावलंय? ट्रॅक्टर कुटंय?"

"इकला," भिमाजी म्हणाले.

"तरीच."

जीपवाला खाली उतरला, त्यानं कल्याणला मदत करून पोती बाजूला ओढली. पण जाताना पुन्हा म्हणाला, "म्हाताऱ्याला इचारायचं असतं भाऊ, असलं काय करताना." कल्याणनं मान डोलावली. भिमाजींनी ते ऐकलं. त्यांनी मुलाकडं पाहिलं, आणि त्या नजरेत वर्षभर न बोललेलं ट्रॅक्टरचं सगळं होतं.

पाऊस आला. निकिता बसून डांबरावरचा उडीद दोन्ही हातांनी गोळा करत होती. ओला दाणा हाताला चिकटत होता आणि सुटत नव्हता.

हूक वाकला होता, पण गाडी चालत होती. विजयाबाईला खर्ड्याला दवाखान्यात सोडून ते वस्तीवर पोचले तेव्हा अंधार पडत होता. सोजरबाई ढिगाशेजारी डोक्यावर खताचं रिकामं पोतं घेऊन उभी होती. ताडपत्रीच्या कडांवर तिनं दगड ठेवले होते, पण वारा आला होता आणि एक कोपरा उलटून ढिगात पाणी गेलं होतं. तिनं गाडीच्या मागं पाहिलं. मागं काही नव्हतं.

भिमाजींनी तिला सांगितलं. तिनं निकिताची हनुवटी हातात धरून बघितली.

"लई लागलंय का गं?"

"न्हाई मावशी."

"जीव वाचला समद्यांचा. मशीनचं काय." मग थोड्या वेळानं, चूल पेटवताना, ती कुणाकडं न बघता म्हणाली, "दुपारी एक मशीन आल्तं वस्तीवर. शेजारच्यांचं करून गेलं. मला इचारलं त्यांनी. मी म्हनलं माझ्या बहिनीचं येतंय."

सकाळी त्यांनी ताडपत्री काढली. वरच्या थरातल्या शेंगा कल्याणनं उकलल्या. दाणे फुगले होते, काहींची साल तडकली होती. आणखी आत हात घातला तर ढीग ऊबदार लागला.

दुसरं मशीन मिळेना. ज्याला फोन करावा तो म्हणत होता चार दिवस थांबा. मालनबाईही आल्या. गोठ्याच्या पत्र्याखालची जमीन सारवून त्यांनी शेंगा तिथं पसरल्या आणि काठ्यांनी बडवायला घेतलं. ऊन पडलं की अंगणात, सर आली की पुन्हा पत्र्याखाली. ओली शेंग काठीखाली फुटत नाही, चेंबते. दोनदा, तीनदा मारावं लागतं, आणि प्रत्येक फटक्याला तिच्यातून थोडासाच दाणा बाहेर येतो. निकिताच्या तळहातांना फोड आले आणि फुटले. मालनबाईंना बसून बडवताना पाठ धरायची, मग त्या उभ्यानं बडवायच्या, मग पुन्हा बसून. मधूनमधून त्या सोजरबाईकडं बघत आणि काही बोलायला तोंड उघडत. सोजरबाई सगळ्यांत हळू मारायची, पण थांबत नव्हती.

भिमाजी पहिल्या दिवशी मुलाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी बायका भाकरी करायला घरात गेल्या. निकिता पत्र्याखाली सूप घेऊन उडीद पाखडत होती. कल्याण आणि भिमाजी समोरासमोर बडवत होते, एकाची काठी खाली तेव्हा दुसऱ्याची वर.

"मी काल वर जाऊन आलो मशीनपाशी," भिमाजी म्हणाले. "डांबरावर टायरच्या खुना हायत. मशीन पडलं त्या जागंच्या लई आधीपासून. हिकडनं तिकडं, हिकडनं तिकडं. बिरेक नंतरचा हाय."

कल्याणची काठी चालत राहिली.

"पोत्यांनी झालं?"

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

भिमाजींनी निकिताकडं पाहिलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"मला बी," ती म्हणाली. "दांडी वर येत हुती."

"मग बोलला का न्हाईसा?"

कल्याणनं काठी आडवी धरली. "श्रीमंतकाका हुते, आबा. त्यांनी सोत्ता चढवल्ती."

"खिंडीत न्हवता श्रीमंत."

"खिंडीत..." कल्याण म्हणाला आणि थांबला.

"खिंडीत मला म्हनलास भिजतील." भिमाजींचा आवाज चढला नव्हता. "माझ्या पोराला मला खरं सांगायची चोरी झाली. येवढा मी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. काठी उचलली आणि शेंगांवर मारली, पुन्हा मारली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तवा सांगितलं असतंस तर मी रागावलो असतो. दोन दिवस बोललो नसतो तुझ्याशी. येवढंच झालं असतं."

निकितानं सूप उचललं. तिला टपावर मारलेली थाप आठवली. तेही सांगावं असं तिला वाटलं, पण भिमाजी आता कुणाचं ऐकत नव्हते.

बडवून, वाळवून, पाखडून जो उडीद निघाला त्याचे तीन ढीग झाले. एक काळा, चांगला, लहानसा. एक डागी. आणि एक मोड आलेला, जनावरांना घालायचा, तो सगळ्यांत मोठा.

त्या संध्याकाळी गोरक्षनाथ आला. सोजरबाईचा दीर. पांढरी टोपी, पायात नवीन चपला, हातात छत्री. तो अंगणाच्या कडेला उभा राहून ढिगांकडं बघत होता. सोजरबाईनं पदर सावरला आणि खाट पुढं ओढली.

"बसा भावजी."

"बसतो. झालं म्हनं मळून?"

"झालं."

"किती भरला?"

"दिसतोय की तुमाला."

गोरक्षनाथनं छत्रीच्या टोकानं मोड आलेल्या ढिगातले दाणे हलवले. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, असं निकिताला वाटलं. त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसत होतं.

"कसं झालं ह्ये, वैनी? पीक तर चांगलं हुतं. मी बघत हुतो येता-जाता."

सोजरबाईनं आपल्या पाहुण्यांकडं पाहिलं नाही. "पावसानं गेलं," ती म्हणाली. "पावसाच्या म्होरं काय चालतंय."

"व्हय. पावसाचं खरं हाय."

कल्याण जमिनीकडं बघत होता. भिमाजी भिंतीला टेकून बसले होते. ते हात टेकून उठले. उठायला त्यांना वेळ लागला.

"पावसानं न्हाई गेलं," ते म्हणाले. "माझ्यानं गेलं. त्या दिशी दुपारी तिच्याकडं मशीन आल्तं, ते तिनं परत लावलं माझ्या भरवशावर. आन माझं मशीन मी वजन चुकीचं लादून घाटात पाडलं. पोरांचा काय दोष न्हाई. तिचा तर न्हाईच न्हाई. पेरनी, खुरपनी, समदं तिनं नीट केलं. ह्ये तू चारचौघांत सांग."

मालनबाईंनी तोंडाला पदर लावला. कल्याणनं वर पाहिलं.

गोरक्षनाथनं ऐकून घेतलं. त्यानं मान हलवली, अगदी आदरानं.

"आसंल की पाव्हनं. कशानं का आसंना." मग तो सोजरबाईकडं वळला. "मग पुढच्या साली कसं करायचं, वैनी? आत्ता न्हाई सांगितलंस तरी चालंल. पर रबीच्या आधी नांगरट करावी लागंल, म्हनून आलो. बैल मोकळं हायत माझं."

सोजरबाई मोड आलेल्या ढिगाकडं बघत होती. तिनं थोडा वेळ घेतला, जसा माणूस दुसऱ्याच कशाचा हिशोब करताना घेतो.

"सोडा बैल उद्या," ती म्हणाली. "वाटा पयल्यासारखाच."

"पयल्यासारखाच."

"बसा भावजी. चहा टाकते."

ती घरात गेली. भिमाजी अजून उभे होते. त्यांना कुणी बस म्हटलं नाही, आणि ते आपण होऊन बसले नाहीत. आतून स्टोव्हला हवा भरल्याचा आवाज येऊ लागला. गोरक्षनाथनं छत्री मिटून खाटेशेजारी ठेवली आणि पाहुण्यांना विचारावं तसं कल्याणला विचारलं, तुमच्याकडं पाऊस कितपत झाला.

"झाला," कल्याण म्हणाला.